घरातला सर्वांत ठेंगणा पलंग

आमच्या घरात माझ्यासाठी पलंग आला, आणि आठवड्याभरात घरातली सगळी वडीलधारी मंडळी जमीन सोडून उंचावर राहायला गेली.

माझा यात दोष एवढाच, की मी मान हलवली.

मी मुळात फारशी बोलत नाही. आई लहानपणीच गेली. वडील रेल्वेत कारकून, आज या स्टेशनात तर उद्या त्या. तेव्हा त्यांनी मला पुण्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत ठेवलं. तिथं सगळं इंग्रजीतून. शाळेत इंग्रजीत गप्प बसायचं आणि सुटीत घरी येऊन मराठीत गप्प बसायचं, असं माझं दोन्ही भाषांवर सारखंच प्रभुत्व होतं. सोळा वर्षांची घोडनवरी झाल्यावर खालापूरचं स्थळ आलं. घरी भातशेती होती, माणसं भली होती आणि मुंबईत शिकणाऱ्या मुलाला शिकलेली बायको हवी होती. वैशाखात लग्न झालं, नवरा पुस्तकं घेऊन मुंबईला परत गेला, आणि मी सासरी राहिले.

सासरी माणसं मोजकीच. मामंजी, सासूबाई, माझी लहानगी नणंद यमू, आणि मामंजींची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई. आत्याबाई विधवा होऊन माहेरी आल्या त्याला इतकी वर्षं झाली होती, की घरातलं मांजरसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय चुलीपाशी बसत नसे. मामंजी ओटीवर झोपायचे आणि आम्ही चौघी आत माजघरात, सारवलेल्या जमिनीवर, एका रांगेत. भिंतीकडे आत्याबाई, मग मी, मग यमू, आणि दाराशी सासूबाई. दिवा मालवला की त्या तिघी अंधारात बोलायच्या. कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाच्या वालाला शेंगा धरल्या, कुणाची सून माहेराहून येईना. मी नुसती ऐकत पडायचे. मला कुणी काही विचारायचं नाही, पण माझा खांदा आत्याबाईंच्या खांद्याला लागलेला असायचा. आई गेल्यापासून मला अशी जागा कुठं मिळाली नव्हती. जगात मला दुसरं काही नको होतं. त्या रांगेतली ती हातभर जागा तेवढी हवी होती.

शिवाय घर कसं स्वप्नाळू होतं! मार्गशीर्षाचे दिवस. भात झोडून झालेलं, अंगणात पेंढ्याची उडवी, दूर माथेरानचा डोंगर धुक्यात निळा होऊन तरंगत असलेला. दुपारी जेवणं झाली की साऱ्या घरावर गुंगी उतरायची. सासूबाई तांदूळ निवडता निवडता सुपात मान टाकायच्या. यमू खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपायची. आत्याबाई आमटीत दोनदा मीठ घालायच्या आणि तिसऱ्यांदा घालताना डुलकी लागली म्हणून आम्ही वाचायचो. खालापूरची हवाच अशी असावी, असं मी समजायचे. मला स्वतःलाही तिथं फार गाढ झोप लागायची.

अशाच एका पेंगुळल्या दुपारी आत्याबाईंनी विषय काढला.

"बाळू," त्या मामंजींना म्हणाल्या (गावात मामंजींना सगळे दबकून असत, पण आत्याबाईंच्या लेखी ते बाळूच), "या पोरीच्या साळंत समद्या पोरी खाटंवर झोपायच्या म्हनं."

मामंजी चकित झाले. "खाटंवर? खरं का गं सूनबाई?"

मी दाराआडून मान हलवली.

"मंग हितं खाली झोपून तुझी पाठ धरत आसंल?"

मी मान हलवली.

"तुला वायली खाट पायजे?"

मी मान हलवली. मला कोणी काहीही विचारलं तरी मी होकाराची मान हलवते. त्यानं संभाषण लवकर संपतं. (शाळेत एकदा अशीच मान हलवली आणि नाताळच्या नाटकात मला मेंढी व्हावं लागलं.) या वेळीही संभाषण संपलं, पण संपता संपता माझी रांगेतली जागाही घेऊन गेलं.

दुसऱ्याच दिवशी घरातली जुनी बाज माळ्यावरून खाली आली. नव्या काथ्यानं विणून मामंजींनी ती माजघराच्या कोपऱ्यात टाकली. "पड जरा, बघू ताठ झाली का." मी पडले. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या सरूकाकी विस्तव मागायला आल्या. त्यांनी मला बाजेवर पाहिलं, 'अगो बाई' म्हणाल्या, आणि विस्तव न घेताच पळाल्या.

आमच्याकडे बाजेवर धडधाकट बाई झोपत नाही. बाज ही बाळंतिणीची! दिवेलागणीपर्यंत तीन घरांतून डिंकाचे लाडू आले. एका म्हातारीनं अळीव आणले. दुसरी बोटांवर वैशाखापासूनचे महिने मोजत आली, आणि मोजणी काही जमेना म्हणून उंबऱ्यातच उभी राहून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. बातमी शिळफाट्याला पोचली, तिथली सुईण जुनी मऊ लुगडी काखोटीला मारून हजर!

"कुटं हाय बाळंतीण?"

"बाळंतीण नाय, सून हाय नुसती!" सासूबाई ओरडल्या.

"मंग बाजंवर का?"

"पाठीसाठी!"

सुईण माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मी काय करणार? मी मान हलवली. ती खूण पटल्यासारखी हसली आणि निघून गेली. बाज त्याच पावली माळ्यावर गेली. लाडू मात्र यमूनं परत करू दिले नाहीत.

मग घरात पलंगाचा खल सुरू झाला. मला वाटलं, आता नाद सोडतील. पण आत्याबाई हट्टालाच पेटल्या होत्या. माझ्या पाठीची एवढी काळजी पाहून मला भरून यायचं.

"लोखंडाची खाट घ्यावी," मामंजी म्हणाले. "कल्यानला मिळते."

"लोखंडाची?" सासूबाई दचकल्या. "दवाखान्यात आस्ती तशी? आनि शनिवारी काय करायचं? शनिवारी लोखंड घरात घेत नाय, नि ही तर त्याच्यावर झोपनार!"

"शनवारी खाली झोपंल."

"आन ती खाट करकरते," आत्याबाईंनी निकाल दिला. "नको. आनखी आवाज नको घरात."

झोपाळ्याचा विचार झाला, पण झोपेत माणूस अंगणात जाऊन पडेल म्हणून तो मागं पडला. शेवटी मामंजींच्या कानावर आलं, की माथेरानला एक साहेब बंगला मोडून विलायतेला निघालाय आणि सामान विकतोय. ते नेरळमार्गे वर गेले आणि दुसऱ्या दिवशी पलंग घेऊनच उतरले.

तो उतरला तो थाटात. चार कोपऱ्यांना चार कोरीव खांब, वर मच्छरदाणीची चौकट, आणि धुळीनं खराब होऊ नये म्हणून मामंजींनी त्यावर आपलं पांढरं धोतर पांघरलेलं. डोंगराखालच्या वाडीतल्या ठाकरांनी तो खांद्यावर घेऊन नेरळपर्यंत आणला, तिथून पुढं बैलगाडीत, उभाच्या उभा. कर्जतच्या बाजारातून गाडी निघाली तशी माणसं बाजूला होऊन हात जोडू लागली. एकीनं पुढं येऊन पदरानं गाडीची धूळ पुसली.

"देव कुठला, पाटील?"

'देव नाय, सुनेचा पलंग' असं भर बाजारात सांगायला मामंजींची जीभ रेटेना. ते म्हणाले, "माथेरानचा." झालं! कुणी झेंडू वाहिले, कुणी नारळ ठेवला. एक म्हातारा पार वेशीपर्यंत टाळ वाजवत आला. घरी पोचेपर्यंत पलंगावर इतकी फुलं होती, की आत्याबाईंनी सवयीनं आधी नमस्कार केला आणि मग विचारलं, "ह्यो हाय काय?"

माजघरात पलंग मांडला. तो उंच होता. इतका, की चढायला पाट ठेवावा लागे. "चढ," सगळे म्हणाले. मी चढले आणि आडवी झाले. गादी मऊ होती, खिडकीतून डोंगराचं टोक दिसत होतं, डोळ्यांवर ऊन आल्यासारखं झालं. क्षणभर मला वाटलं की मी ढगावर निजून कुठंतरी तरंगत चालले आहे.

"अरं देवा!" खालून आत्याबाईंचा आवाज आला. "सुनेचे पाय माझ्या डोस्क्याच्या वर!"

मी उठून पाहिलं. खरंच होतं. सासूबाई आणि आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि माझी पावलं बरोबर त्यांच्या अंबाड्यांच्या पातळीला होती. वडीलधारी खाली आणि सून वर? मी टुणकन उडी मारली. मला वाटलं, सुटले! आता पलंग परत जाणार, आणि मी रांगेत.

पण मामंजींना तोड सापडली. "आक्का, सोपं हाय. तिला खाली उतरवायचं कशाला? आपन वर जाऊ!"

आणि मंडळी वर जायला लागली.

सासूबाई सुनेपेक्षा उंच हव्यात. त्यांच्यासाठी लग्नातल्या दोन मोठ्या पेट्या एकमेकींवर ठेवून त्यावर फळी टाकली. आता सासूबाई मामंजींपेक्षा उंच झाल्या! मामंजी ओटीवर झोपत, मध्ये भिंत होती, पण आत्याबाई म्हणाल्या, "भिंत आसली म्हनून काय? नवरा खाली नि बायको वर, लोकं काय म्हनतील?" तेव्हा ओटीवरच्या भाताच्या दोन भरल्या कणग्यांवर फळ्या टाकून मामंजींची गादी वर गेली. त्यांना चढायला शिडी लागे, उतरायला धीर. राहिल्या आत्याबाई. त्या मामंजींहून थोरल्या. कणगीहून उंच घरात एकच जागा होती, माळा!

मला वाटलं, आता तरी आत्याबाई भडकतील. तर त्या गोधडी बगलेत मारून, हसत हसत, भोपळ्यांच्या आणि पेंढ्याच्या शेजारी राहायला गेल्या. "माजी काय काळजी करू नका," त्या वरून म्हणाल्या. "हितं कसं, निवांत!"

यमूचा प्रश्न नाजूक होता. वयानं लहान, पण नणंद. तिचा मान माझ्याइतका तरी हवाच. सासूबाई म्हणाल्या, "तू वयनीच्या पलंगावर झोप." यमूनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "नको! मी सरूकाकीकडं जाते!" आणि गेली सुद्धा.

अशी मी माजघराच्या मधोमध एकटी उरले. दुपारी पलंगावर पडावं तर डावीकडं पेट्यांवर सासूबाई वामकुक्षी घेत असलेल्या, भिंतीपलीकडं कणग्यांवरून मामंजींचं घोरणं तरंगत येत असलेलं, वर माळ्याच्या फटीतून आत्याबाईंच्या गोधडीचा कोपरा लोंबत असलेला. जणू वडाच्या झाडावर वेगवेगळ्या फांद्यांना वटवाघळं निजली आहेत आणि मी तेवढी चुकून बुंध्याशी राहिले आहे. सगळ्यांचे चेहरे आताशा टवटवीत दिसत होते. आमटीत मीठ एकदाच पडत होतं. मलाच काय ती झोप येईना. खांद्याशी कुणाचाच खांदा नव्हता. सांगावं तरी कुणाला आणि कसं? मान हलवून 'नको' म्हणायची मला सवयच नव्हती.

अशात माझे वडील मला भेटायला आले. लग्नानंतर पहिल्यांदाच. बाबा रेल्वेचा काळा कोट घालून, पगडी सावरत ओटीवर चढले आणि रिकाम्या ओटीकडं बघत उभे राहिले.

"कोणी आहे का घरात?"

"या, या व्याहीबुवा!" आढ्याजवळून आवाज आला.

बाबा दोन पावलं मागं सरकले. मामंजी कणग्यांवर मांडी घालून बसले होते. माजघराच्या दारातून पाहिलं तर विहीणबाई पेट्यांवर, डोक्यावरचा पदर तुळईला घासत असलेला. "पाय धुवा, भाऊसाहेब," माळ्यावरून आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या धक्क्यानं एक भोपळा निसटून बाबांच्या पायाशी येऊन पडला. बाबांनी तो उचलून कडेला ठेवला. ते फार सभ्य आहेत.

"पूर आला होता का इकडं?" त्यांनी हळूच मला विचारलं.

मी मान हलवली.

मामंजींनी सगळी व्यवस्था अभिमानानं समजावून सांगितली. बाबा ऐकत ऐकत जमिनीवरच्या सतरंजीवर बसायला वाकले, तोच मामंजी ओरडले, "आरं आरं, खाली नका! पाव्हना सगळ्यात खाली कसा बसंल?"

"मग कुठं बसू?"

सगळ्यांनी वर पाहिलं. पाहुणा म्हणजे देव. तो आत्याबाईंपेक्षाही उंच हवा. आणि माळ्याच्या वर आता फक्त कौलं होती!

"शिडी लावू का?" मामंजी म्हणाले. "कौलं मजबूत हायत. हवा बी चांगली लागंल."

बाबांनी छपराकडं पाहिलं. मग आपल्या बुटांकडं. मग ते खरोखरच बुटांचे बंद सोडू लागले. ते मुलीचे बाप. सासरच्या माणसांनी सांगितलं असतं तर ते कौलांवर काय, धुराड्यावरही बसले असते.

"मला पलंग नको!" मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं. "मला खाली झोपायचंय. रांगेत, तुमच्या सगळ्यांच्यात. आत्याबाईंच्या शेजारी."

वर गोधडी हलली आणि माळ्याच्या कडेवरून आत्याबाईंचं डोकं बाहेर आलं.

"अगो बाई! ही दिवसा बी बोलते?"

"दिवसासुद्धा म्हणजे?" मी विचारलं.

कुणी माझ्याकडं बघेना. बाबांनी बुटांचे बंद सोडले आणि निःश्वास टाकला. "म्हणजे अजून चालूच आहे का ते?"

"तुमाला ठावं हुतं?" मामंजी कणगीवरून इतके वाकले, की फळी कलली.

"शाळेच्या मोठ्या बाई सांगायच्या. हिच्या झोपेतल्या बोलण्यानं अख्खी खोली जागी राही. शेवटी हिची खाट एकटीची व्हरांड्यात टाकली."

(ती व्हरांड्यातली खाट मला पहिला नंबर आला म्हणून मिळाली, असा माझा आजवर समज होता. सासरी मी तसं यमूला सांगितलंही होतं. यमू आपल्या परीनं 'हो का' म्हणाली होती.)

"लगीन ठरवताना बोल्ला नाय ते!" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंत, मुलगी फार बोलते का. मी म्हटलं, दिवसभरात एक शब्द नाही. यात काय खोटं होतं?"

तोवर आत्याबाई शिडीवरून उतरून माझ्यासमोर येऊन बसल्या. एवढ्या दिवसांचं साचलेलं त्यांना आवरेना. "पोरी, काय सांगू तुला! डोळा लागतो न लागतो तर तू इंग्रजीत वरडतेस. काय गं यमे, काय म्हनते ही?"

यमू केव्हा येऊन दारात उभी राहिली होती कोण जाणे. ती ताठ झाली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "स्टँड अप! सिट डाऊन! सायलेन्स!"

"त्यो सायलेन तर आसला, की गोठ्यातली म्हस हंबरते! मला वाटलं, पोरीला झपाटलं. वाडीवरच्या भगताला इचारलं. तो म्हनला, आक्का, आपल्याकडची भुतं मी उतरवतो. साहेबाच्या भुताला मी काय समजवू?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "मग मला सांगितलं का नाही?"

सासूबाई पेट्यांवरून सावकाश खाली आल्या. "कसं सांगनार? दिवसाची तू इतकी गरीब. त्यात आईयेगळी पोर. म्हनलं, मनाला लागंल. त्यापरीस पलंग द्यावा. तुजा मान बी राहील, नि आमाला झोप बी लागंल."

म्हणजे एवढा माथेरानचा डोंगर उतरवला, नारळ-फुलं झाली, माणसं कणग्यांवर चढली, ती सगळी मला वाईट वाटू नये म्हणून! मी रडायला लागले. बाबा घाबरून पुन्हा बूट घालू लागले. आत्याबाईंनी पदरानं माझं नाक पुसलं, जरा जोरातच.

"रडू नको. खाली झोपायचंय नव्हं? झोप. मला बी त्या भोपळ्यांत करमत नाय; ते एका शब्दाला उत्तर देत नायत. पन माजी एक अट हाय. बोलायचंच आसंल, तर मराठीत बोल. जागरन झालं तरी काय तरी पदरात पडंल!"

त्या दिवशी सगळे जमिनीवर उतरले. पाहुणा सगळ्यांत उंच हवा म्हणून बाबांना दुपारी पलंगावर निजवलं, आणि घरात आता त्यांच्यापेक्षा वर कोणी नसल्यानं ते निर्धास्त घोरले. पुढं पलंगाला वाल वाळवायच्या कामावर नेमलं. मला माझी हातभर जागा परत मिळाली.

पौषात केव्हातरी माझी भाषा बदलली. यमू सांगते की आता मी झोपेत स्वच्छ मराठी बोलते, आणि सविस्तर बोलते. आमची रांग वाढली आहे. 'आमच्याकडं ढेकूण झालेत' असं सांगून सरूकाकी आणि त्यांच्या दोन्ही सुना आता आमच्याकडंच झोपायला येतात. अंथरूण घालताना माझ्या जवळच्या जागेसाठी भांडण होतं. विहिरीवर गेले की बायका घागरी भरायच्या थांबतात आणि माझ्याकडं मायेनं बघून हसतात. मी विचारते, "काय बोलते मी?" तर एकही सांगत नाही.

मी स्वभावानं फार मिटलेली आहे. मनातलं कुणाला म्हणून कळू देत नाही. खालापुरात तरी ते न कळलेली मी एकटीच उरले आहे.